झाडाला टेकवलेला मुखवटा

हाताने घडवलेल्या मुखवट्याचे छायाचित्र काढायचे ठरले की बहुतेकांचे पाय आपोआप घराबाहेर वळतात. शेवाळलेले खोड, वाळक्या पानांचा थर, ओढ्याकाठचा खडक आणि मागे धूसर हिरवाई. त्यात मुखवटा टेकवायचा, कोवळ्या उन्हाची वाट पाहायची आणि बटण दाबायचे. हस्तकलेच्या विक्रीची पत्रके, पर्यटनाच्या पुस्तिका, छायाचित्रस्पर्धा, मोबाइलमधले हौशी संग्रह, सगळीकडे हीच मांडणी भेटते. ती डोळ्याला सुखावते, हे नाकारण्याचे कारण नाही. तिच्यामागची समजूत मात्र तपासायला हवी. यंत्राने केलेली वस्तू शहराची आणि हाताने केलेली वस्तू निसर्गाची, म्हणून हाताची वस्तू रानात नेली की ती आपल्या घरी पोचते, अशी ती समजूत आहे. मला ती चुकीची वाटते, आणि निरुपद्रवीही वाटत नाही. मुखवटा माणसांच्या वस्तीत, माणसाच्या तोंडावर, ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या उजेडात वापरायची वस्तू आहे. तो खोडाला टेकवला की त्याला घडवणारा आणि तो नाचवणारा असे दोघेही चित्रातून बाहेर जातात आणि त्यांच्या जागी जंगल येऊन बसते. ही अदलाबदल नकळत होते, म्हणून तिच्याविषयी सविस्तर बोलणे गरजेचे आहे.

महाराष्ट्रातलेच ठळक उदाहरण घेऊ. पालघर जिल्ह्यातले जव्हार, मोखाडा, विक्रमगड हे तालुके आणि त्यांना लागून असलेला पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरचा डोंगरपट्टा हा बोहाडा या मुखवट्यांच्या उत्सवाचा मुलूख. शेजारच्या गुजरातमधील डांगात याच प्रकारच्या उत्सवाला भवाडा म्हणतात. कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकर अशा समाजांच्या गावांतून होळीच्या सुमारास आणि त्यानंतर, पावसाळी शेतीची धांदल सुरू होण्याआधी, हा उत्सव रात्र रात्र चालतो. सुरुवातीला गणपती आणि शारदेची सोंगे येतात. मग रामायण-महाभारतातली पात्रे, वेताळ, राक्षस, वाघ असे एकेक सोंग निघते आणि देवी व महिषासुराच्या लढाईने शेवट होतो. संबळ घुमत असतो, सनई वाजत असते, वाटेच्या दोन्ही अंगांना गाव बसलेले असते आणि पुढे टेंभे घेतलेली माणसे चालत असतात. अनेक गावांत अमुक सोंग अमुक घराकडे असा मान पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला असतो. पूर्वी मुखवटे लाकडात कोरले जात. आता बरेचसे कागदाच्या लगद्याचे असतात. ते थरावर थर चढवून करायचे, उन्हात वाळवायचे, घासून गुळगुळीत करायचे आणि मग रंगवायचे. या साऱ्या वर्णनात जंगल कुठे येते? कच्च्या मालात येते, कथांत येते, आसपासच्या डोंगरांवर असते. सोंग मात्र निघते ते गावाच्या रस्त्यावर, गावासमोर. मुखवट्याचा परिसर कोणता, या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. वाट, गर्दी, वाद्य, रात्र आणि ते तोंड चढवलेला माणूस हा त्याचा परिसर होय.

पहिला पुरावा उजेडाचा. भर दिवसाच्या उन्हाचे रंगतापमान सुमारे ५५०० केल्विन असते, तर टेंभ्याच्या ज्योतीचे २००० केल्विनच्या आसपास. ज्योतीच्या उजेडात निळा रंग जवळपास काळा पडतो आणि लाल, पिवळा, केशरी हे रंग पेटून उठतात. शिवाय सूर्य वरून तळपतो आणि टेंभा माणसाच्या हाताच्या उंचीवरून, बऱ्याचदा खालून, उजेड टाकतो. उन्हात भुवईची सावली डोळ्यावर पडते. टेंभ्यासमोर ती कपाळाकडे चढते. ज्योत थरथरते, तशी नाकाची आणि ओठांची सावलीही हलते, आणि कागदाच्या लगद्याचा न हलणारा चेहरा हलल्यासारखा वाटतो. बाजारातल्या तैलरंगाने रंगवलेला, चकचकीत, लालभडक मुखवटा दुपारच्या उन्हात डोळ्यावर येतो हे खरे. पण तो दुपारी पाहण्यासाठी केलेलाच नसतो. अंधारात, बऱ्याच अंतरावरून, हलत्या उजेडात ओळखू यावे म्हणून रंग ठसठशीत, डोळे बटबटीत आणि भुवया जाड असाव्या लागतात. शहरातल्या पाहुण्याला जो भडकपणा वाटतो, तो कारागिराने अंतर आणि अंधार यांचा केलेला हिशोब असतो. छायाचित्रकाराने तो मुखवटा सकाळच्या उन्हात पानांवर ठेवला की हिशोबातली दोन्ही पदे गळून पडतात आणि मागे उरतो तो निव्वळ भडकपणा.

हा केवळ बोहाड्याचा गुण नाही. जपानच्या नो नाट्यातील मुखवटे हिनोकी नावाच्या देवदारासारख्या झाडाच्या लाकडातून कोरतात. त्यांचा चेहरा मुद्दाम मधल्याच भावावर ठेवलेला असतो. नटाने मान किंचित वर केली की मुखवटा उजळतो आणि हसरा भासतो; खाली केली की त्यावर सावली येते आणि तो खिन्न वाटतो. या दोन हालचालींना तिथे स्वतंत्र नावे आहेत आणि त्यांचा रियाज वर्षानुवर्षे करावा लागतो. जुनिचिरो तानिझाकी यांनी १९३३ साली सावलीच्या सौंदर्यावर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात लाखकाम असो वा नो असो, या वस्तू मंद उजेडासाठी घडल्या आहेत आणि प्रखर विजेखाली त्यांचे रूप हरवते, असा त्यांचा आग्रह होता. त्यातला रात्रीविषयीचा हळवेपणा बाजूला ठेवला तरी मुद्दा पक्का उरतो. मुखवट्याचा भाव लाकडात पुरता कोरलेला नसतो. तो लाकूड, उजेड आणि मान या तिघांच्या मेळातून उमटतो. त्यातल्या दोघांना वगळून तिसऱ्याचे चित्र काढले तर ते मुखवट्याचे अर्धे चित्र होते. आणि मुखवट्याला चांगले ओळखणारे लोकच ते अर्धे असल्याचे सांगू शकतात.

रानातले छायाचित्र तांत्रिक अंगानेही किती हस्तक्षेप करते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. पांढऱ्या रंगाचा गाल असलेला मुखवटा झाडाखाली धरला, तर पानांतून गाळून आलेला आणि पानांवरून परतलेला उजेड त्या गालावर पडतो आणि पांढरा गाल हिरवट दिसू लागतो. हनुवटीखाली तर गवताची छटा स्पष्ट उतरते. डोळा ती दुरुस्त करून घेतो. कॅमेरा घेत नाही. राखाडी कार्ड धरून रंग जुळवला तरी एका गालावर ऊन आणि दुसऱ्यावर हिरवी सावली असेल तर दोन्ही एकदम जुळत नाहीत. मोबाइलचे मुख्य भिंग साधारण २४ ते २८ मिलिमीटरच्या भिंगाइतके रुंद पाहते. त्याने मुखवटा जवळून टिपला की नाक फुगते, कान मागे पळतात आणि कारागिराने राखलेले प्रमाण बिघडते. वर मोबाइल आपणहून सावल्या उजळतो. डोळ्यांच्या खोबणी काळ्या राहाव्यात म्हणून जी खोली कोरलेली असते, तीच तो भरून काढतो. यातली एकही गोष्ट कुणी फसवण्यासाठी करत नाही. पण नैसर्गिक उजेडात काढले म्हणजे जसे आहे तसे आले, हा जो विश्वास आपण बाळगतो, तो या तपशिलांपुढे टिकत नाही. स्टुडिओतल्या दिव्यांइतकीच झाडाखालची सावलीही एक मांडणी असते. फरक इतकाच की ती मांडणी म्हणून ओळखू येत नाही.

दुसरा पुरावा मुखवट्याच्या पाठीत आहे, आणि तो जवळजवळ कधीच टिपला जात नाही. मुखवटा उलटा करून पाहिला की त्याची खरी कामगिरी कळते. कपाळाला टेकणारी कापडाची घडी, डोक्यामागे बांधायची दोरी, दोरी ओवायची आणि वापराने सैल झालेली भोके, घामाने काळवंडलेली कड, तडा गेला तिथे चिकटवलेला कागद. बाहेरचे डोळे कितीही मोठे रंगवलेले असोत, आत माणसाला पाहायला एखादी बारीक फट असते, आणि कधी ती डोळ्यांच्या जागी नसून नाकपुड्यांत असते. एवढ्याशा फटीतून वाट बघत, डोक्यावर वजन पेलत, संबळाच्या ठेक्यावर पाय टाकायचे असतात. बाहेरची बाजू देवाची किंवा राक्षसाची असेल, आतली बाजू माणसाची असते, आणि तिथे तो माणूस, त्याचे गाव आणि किती वर्षे हे सोंग निघते आहे याची नोंद असते. खोडाला टेकवलेल्या मुखवट्याची नेमकी हीच बाजू झाडाला लागते. कुणी असे ठरवून करत नाही, पण परिणाम तोच होतो. जिथे डोके असायला हवे तिथे झाडाची साल येते.

हे वारंवार घडले की काय होते, याचा धडा छायाचित्रणाच्या इतिहासात सापडतो. एडवर्ड कर्टिस या अमेरिकी छायाचित्रकाराने उत्तर अमेरिकेतील मूलनिवासींवर २० खंडांचा प्रचंड ग्रंथ केला. तो १९०७ ते १९३० या काळात प्रसिद्ध झाला. त्याचे कष्ट आणि कौशल्य वादातीत आहेत, आणि आज अनेक मूलनिवासी कुटुंबांना आपल्या पूर्वजांचे चेहरे त्याच्याच चित्रांत भेटतात. पण ज्या जगाचे चित्र त्याला हवे होते ते जग समोर नसेल तेव्हा तो ते रचत असे. मोंटानातील पिगन लोकांच्या तंबूतले त्याचे एक प्रसिद्ध चित्र आहे. मूळ काचेच्या निगेटिव्हवर दोन बसलेल्या माणसांच्या मध्ये एक घड्याळ दिसते. छापील चित्रातून ते पुसून टाकलेले आहे. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील क्वाक्वाक्यावाक्व लोकांचे लाकडी मुखवटे त्याने बहुतांशी उघड्यावर, दिवसाच्या उजेडात आणि समुद्रावरच्या होड्यांवर टिपले. त्यांतले पुष्कळसे मुखवटे हिवाळी विधींचे होते. ते विधी मोठ्या लाकडी घरात, मधोमध पेटलेल्या आगीभोवती होत. त्या काळच्या कॅमेऱ्याला उजेड लागे, ही अडचण मान्य करू. पण पाहणाऱ्याला चित्रातून अडचण कळत नाही. त्याला कळते ते एवढेच की हे लोक आणि हे मुखवटे म्हणजे समुद्र, धुके आणि देवदार यांचाच एक भाग आहेत.

त्याच वेळी त्याच मुखवट्यांवर काय गुदरत होते? कॅनडाच्या सरकारने पॉटलॅच हा त्यांचा दानविधी १८८५ पासून कायद्याने गुन्हा ठरवला होता, आणि ही बंदी कायद्यातून १९५१ साली गेली. १९२१ च्या अखेरीस व्हिलेज आयलंड येथे झालेल्या एका मोठ्या पॉटलॅचनंतर खटले झाले, माणसे तुरुंगात गेली आणि मुखवट्यांसह विधीच्या वस्तू सरकारने ताब्यात घेतल्या. त्या संग्रहालयांत आणि एका खाजगी संग्राहकाकडे गेल्या. अनेक दशकांच्या पाठपुराव्यानंतर त्यांतल्या बऱ्याच परत आल्या आणि त्यांच्यासाठी १९७९ मध्ये केप मज येथे व १९८० मध्ये अलर्ट बे येथे खास संग्रहालये उभी राहिली. त्या जप्तीच्या सुमाराचे एक छायाचित्र आहे. त्यात जप्त मुखवटे एका सभागृहात बाकांवर ओळीने मांडलेले दिसतात. उजेड सपाट, मांडणी यादीसारखी, सौंदर्य जवळपास शून्य. पण मुखवट्यांचे काय झाले ते या रूक्ष चित्रातून कळते आणि कर्टिसच्या देखण्या चित्रांतून कळत नाही. निसर्गाच्या पार्श्वभूमीवर ठेवलेली वस्तू काळाच्या बाहेर जाते. आणि जी वस्तू काळाच्या बाहेर आहे, तिच्यावर कुणी बंदी घातली, ती कुणी नेली, ती कुणाच्या मालकीची, हे प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात उमटतच नाहीत.

आपल्याकडे हा मुद्दा आणखी टोकदार होतो, कारण बोहाड्याचा मुलूख आदिवासी आहे आणि आदिवासी म्हणजे निसर्गाचे लेकरू ही प्रतिमा आपल्या पाठ्यपुस्तकांपासून पर्यटनाच्या जाहिरातींपर्यंत मुरलेली आहे. ऐकायला ती गौरवाची वाटते. पण तिचा पुढचा अर्थ असा निघतो की त्यांची कला रानफुलासारखी उगवते, तिला शिक्षण, हिशोब, चुका, दुरुस्त्या, गुरू आणि मजुरी यांची गरज नसते. जे आपोआप उगवते त्याचा मोबदला कोण मोजणार? याच लोकांना प्रत्यक्ष कायद्याच्या दारात मात्र नेमके उलटे सिद्ध करावे लागते. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली जमिनीचा दावा करताना त्या जमिनीवर माणसाचा हात फिरल्याचे पुरावे द्यावे लागतात. घर, बांध, सपाटीकरण, विहीर, दफनभूमी, देवस्थान, गावातल्या वडीलधाऱ्यांचे जबाब असे ते पुरावे नियमांत नमूद आहेत. म्हणजे कचेरीत त्यांनी श्रमाच्या खुणा दाखवायच्या आणि चित्रांत आपण त्या खुणा पुसायच्या. एका मुखवट्याच्या छायाचित्राने कुणाचा दावा फेटाळला जातो, असे मी म्हणत नाही. पण ज्या समाजाकडे माणूस नसलेले जंगल म्हणून पाहण्याची सवय आपल्या डोळ्याला लागली आहे, त्या समाजाचे श्रम न दिसण्याची सवयही तिथूनच लागते. छायाचित्रे ही सवय घडवतात, आणि मोडूही शकतात.

यावर पहिला आक्षेप अगदी स्वाभाविक आहे. लाकूड जंगलातले, बांबू जंगलातला, वाघासारख्या देवता जंगलातल्या. मग मुखवटा जंगलात ठेवला तर बिघडले काय? बिघडते ते असे की वस्तूचा उगम आणि वस्तूचे स्थान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वीणेचा भोपळा वेलीवर लागतो, म्हणून वीणेचे चित्र भोपळ्याच्या मांडवाखाली काढावे असे कुणी म्हणत नाही. लाकूड तोडले, वाळवले, तासले, कोरले, रंगवले आणि मग त्या मुखवट्याने देव होऊन गावासमोर पाय टाकले. एवढी वाटचाल पुसून त्याला पुन्हा खोडाशी नेऊन ठेवणे म्हणजे कारागिराने केलेले काम उलटे फिरवणे झाले. शिवाय तिथले जंगल तरी छायाचित्रातल्यासारखे निर्मनुष्य कुठे आहे? नाचणी आणि वरईच्या उतारावरच्या शेतांचा, भातखाचरांचा, राब भाजण्याचा, गुरे चारण्याचा तो मुलूख आहे. त्या मुखवट्याला खराखुरा परिसरच द्यायचा असेल तर खाचराचा बांध, अंगण, ओसरी, कुडाची भिंत ही निसर्गाइतकीच जवळची आणि अधिक खरी पार्श्वभूमी आहे.

दुसरा आक्षेप पोटाशी जोडलेला आहे, म्हणून त्याला अधिक आदराने उत्तर द्यायला हवे. रानातले चित्र विकले जाते, कारागिराला चार पैसे मिळतात, मग तात्त्विक काटेकोरपणा कशाला? विक्री झालीच पाहिजे, यात शंका नाही. प्रश्न असा की अशा चित्रासोबत नेमके काय विकले जाते. करणारा नसलेली वस्तू भिंतीवरची शोभा म्हणून जाते आणि शोभेची किंमत शोभेइतकीच मिळते. त्यात गिऱ्हाइकाला जर रानवट, जुनाट दिसणारे हवे असेल तर मालही तसा होऊ लागतो. पश्चिम आफ्रिकेतील कोत दिव्वारच्या कलाबाजाराचा अभ्यास ख्रिस्तोफर स्टाइनर यांनी १९९४ सालच्या आपल्या पुस्तकात मांडला आहे. नव्या मुखवट्यांना कृत्रिम जुनेपणा आणून ते वापरातले म्हणून विकण्याची पद्धत त्या बाजारात रुळलेली दिसते. गिऱ्हाइकाच्या मनातले चित्र अखेरीस लाकडावर उतरते, असा त्याचा अर्थ. उलट आसामातील माजुलीचे उदाहरण पाहा. तिथल्या सत्रांत, म्हणजे वैष्णव मठांत, भाओना नाट्यासाठी बांबूचा सांगाडा विणून, त्यावर मातीत बुडवलेले कापड चढवून, शेण-मातीने आकार देऊन मुखवटे करतात. २०२४ मध्ये या मुखवट्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. त्याआधी २०१८ मध्ये पश्चिम बंगालमधील पुरुलियाच्या छाऊ मुखवट्यांना ते मिळाले होते. असे मानांकन मागताना वस्तू कशी घडते, कोण घडवते आणि ते कौशल्य त्या जागेचे कसे, हे लिहून द्यावे लागते. म्हणजे बाजारातले संरक्षणसुद्धा शेवटी प्रक्रियेच्या आणि माणसाच्या पुराव्यावर उभे राहते. जे चित्र हा पुरावा दाखवते ते कारागिराच्या अधिक उपयोगी पडते, आज नाही तरी पुढच्या विक्रीला नक्की.

तिसरा आक्षेप कलेच्या स्वातंत्र्याचा. छायाचित्र म्हणजे पंचनामा नव्हे. कलावंताने मुखवटा कुठेही ठेवावा. हे मला मान्य आहे, आणि त्याचे एक गाजलेले उदाहरणही समोर आहे. मान रे यांनी १९२६ साली पॅरिसमध्ये एका गोऱ्या स्त्रीचा टेबलावर टेकलेला, डोळे मिटलेला चेहरा आणि तिच्या हातात उभा धरलेला आफ्रिकी घडणीचा काळा मुखवटा यांचे चित्र काढले. ते एका फॅशनच्या मासिकात छापून आले. त्या चित्रावर वसाहतवादी नजरेचा आरोप होतो आणि तो सहज खोडता येणारा नाही. पण एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगता येते. हे मुखवट्याचे घर आहे असा दावा ते चित्र करत नाही. तो स्टुडिओ आहे, ती मांडणी आहे, हे पाहताक्षणी कळते आणि म्हणून त्याच्याशी वाद घालता येतो. वॉकर इव्हान्स यांनी १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातील आफ्रिकी कलेच्या प्रदर्शनातील वस्तूंची शेकडो छायाचित्रे काढली. साधी पार्श्वभूमी, समतोल उजेड, बाकी काही नाही. त्यांनीही वस्तू तिच्या लोकांपासून तोडली, पण तोडल्याचे लपवले नाही. रानातल्या छायाचित्राची अडचण अशी की तेही तोडते आणि वर जोडल्याचा आभास देते. माझा आक्षेप मांडणीला नाही, त्या आभासाला आहे. कुणाला मुखवटा धबधब्याखाली ठेवायचा असेल तर खुशाल ठेवावा. मात्र ती आपली रचना आहे आणि हा मुखवटा अमुक गावच्या अमुक सोंगाचा आहे, हे सोबत लिहावे.

चौथा आक्षेप उलट्या बाजूने येतो आणि तो सर्वांत अवघड आहे. रात्रीच्या उत्सवाची चित्रे तरी कुठे निर्दोष असतात? ज्वाळा, धूर, ओढल्या गेलेल्या रेषा आणि उग्र चेहरे असा मसाला जमवून गूढ रानटीपणाचे दुसरे खोटे चित्र सहज तयार होते. आणि विधीच्या ऐन मध्यात फ्लॅश मारणारी गर्दी ही तर प्रत्यक्ष हानीच आहे. हे सगळे खरे आहे. म्हणून रात्र म्हणजे सत्य आणि दिवस म्हणजे असत्य, असे सोपे सूत्र मी मांडत नाही. काही मुखवट्यांच्या बाबतीत तर चित्र न काढणे हेच उत्तर असू शकते. अमेरिकेतील होपी लोक आपल्या विधींच्या छायाचित्रणाला शंभर वर्षांहून अधिक काळ मनाई करत आले आहेत. २०१३ मध्ये त्यांच्या पवित्र मुखवट्यांचे पॅरिसमध्ये लिलाव झाले तेव्हा त्यांनी विक्रीला प्राणपणाने विरोध केला, आणि त्या वर्षाच्या अखेरीस एका अमेरिकी प्रतिष्ठानाने २४ वस्तू परत करण्यासाठी लिलावातून विकत घेतल्या. आपल्याकडेही पूजेत ठेवलेला मुखवटा आणि विक्रीसाठी केलेला मुखवटा हे एक नव्हेत, आणि तो फरक बाहेरच्या माणसाने ठरवायचा नसतो. विचारणे ही पहिली पायरी आहे. झाडाला टेकवलेल्या मुखवट्याला हा प्रश्न विचारावासाच वाटत नाही, कारण तिथे विचारायला कुणी माणूस दिसत नाही.

मग कसोटी कोणती? माझ्या मते तीन गोष्टींपैकी निदान एक तरी चित्रात यावी आणि उरलेल्या दोन शब्दांत याव्यात: कुणी घडवला, कोण चढवतो, कधी आणि कशाच्या उजेडात तो पाहायचा असतो. हे अजिबात अवघड नाही. अंगणात वाळत ठेवलेले, अजून न रंगवलेले मुखवटे सकाळच्या उन्हात टिपले तर तो उजेड खरा असतो, कारण त्या टप्प्यावर त्यांना उन्हाचीच गरज असते. ओसरीच्या सावलीत, उघड्या आकाशाकडे तोंड करून बसलेल्या कारागिराच्या हातातला मुखवटा हिरवी छटा न लागता स्वच्छ येतो. साधारण ८५ मिलिमीटरचे भिंग आणि डोळ्यांच्या पातळीवरचा कॅमेरा घेतला की प्रमाण शाबूत राहते. रात्री आजचे कॅमेरे वाढवलेल्या आयएसओवर आणि मोठ्या छिद्राच्या भिंगाने टेंभ्याच्या उजेडातही फ्लॅशविना काम करतात. दाणे थोडे उमटतील, पण भुवईची सावली जिथे असायला हवी तिथे असेल. आणि मुखवटा उलटा करून त्याच्या पाठीचे एक चित्र घ्यावे. स्पर्धा भरवणाऱ्यांनी भिंग आणि एक्स्पोजरची माहिती मागतात तशी मुखवट्याची ही माहितीही मागावी. कारागिराची नाव छापायला संमती असेल तर नाव द्यावे, नसेल तर गाव आणि सोंग तरी द्यावे.

असे केल्याने छायाचित्राचे सौंदर्य कमी होते, हे मी मानत नाही. सौंदर्य कशात पाहायचे ते फक्त बदलते. पण सौंदर्याहून मोठे एक कारण आहे. कागदाच्या लगद्याचा मुखवटा टिकाऊ नसतो. तो ओलीने फुगतो, उंदीर कुरतडतात, रंग उडतो आणि काही वर्षांनी त्याच सोंगाचा नवा मुखवटा करावा लागतो. नवा करणाऱ्या हाताला जुन्या मुखवट्याची उंची, कपाळाचा उतार, आतली बांधणी, दोरीच्या भोकांची जागा, कोणता रंग कुठून सुरू होतो, हे सगळे लागते. ज्या छायाचित्रात हे आहे ते त्या गावच्या पुढच्या कारागिराला वापरता येते, आणि म्हणून त्याची एक प्रत गावात पोचवणे हा छायाचित्रकाराचा उपकार नसून त्याच्या कामाचा शेवटचा टप्पा आहे. शेवाळलेल्या खोडावरचे चित्र कितीही मोहक असले तरी पुढचा मुखवटा घडवण्यासाठी त्याचा काडीचा उपयोग नाही. हाताने केलेल्या वस्तूविषयी आपल्याला खरोखर जिव्हाळा असेल, तर ती पुन्हा करणाऱ्या हाताच्या कामी येईल असे चित्र काढणे हीच त्या जिव्हाळ्याची परीक्षा आहे.